एक लॉकभर पाणी: टार्डेबिगची चढण

वुस्टर ते बर्मिंगहॅम हा कालवा तीस मैलांचा, आणि त्यावर ५८ लॉक (दोन टोकांना दारं असलेली चिंचोळी टाकी; पाणी भरून किंवा सोडून तीत बोट वर-खाली करतात). त्यातली तीस लॉक एकाच चढणीवर आहेत, सव्वादोन मैलांत. हीच टार्डेबिगची चढण, ब्रिटनमधली लॉकची सर्वांत लांब रांग. खालच्या लॉकचा क्रमांक २९, वरच्याचा ५८. या तीस पायऱ्यांत बोट २२० फूट, म्हणजे सुमारे ६७ मीटर वर जाते. नॅरोबोट, म्हणजे अशा कालव्यांवरची लांब, चिंचोळी बोट, घेऊन ती चढायची म्हटलं की एक दिवस त्यातच जातो, आणि त्या दिवसाचं सगळं गणित पाण्याचं असतं: कुठल्या टप्प्यात किती आहे, कोण किती खर्च करतंय, आपण किती वाया घालवतोय.

आपल्याकडे कालवा म्हटलं की शेताला पाणी देणारा वाहता पाट डोळ्यांसमोर येतो. हा कालवा मालवाहतुकीसाठी खणला, पाणी वाहून न्यायला नव्हे. एका लॉकपासून पुढच्या लॉकपर्यंतचं पाणी जवळजवळ स्थिर, तळाला चिकणमाती मळून थापलेली. प्रत्येक टप्पा म्हणजे एक लांबट हौद, आणि दोन हौदांमधला जिना म्हणजे लॉक. १८१५ साली हा कालवा पूर्ण झाला. सुरुवातीला बेत मोठ्या, १४ फुटी बोटींचा होता; म्हणून वरच्या भागातले बोगदे रुंद आहेत. पुढे खर्च आणि पाणी दोन्ही वाचवायला लॉक सात फुटी केली. आपली बोट ६ फूट १० इंच रुंद असते ती या सात फुटांमुळे.

आदल्या रात्रीचा मुक्काम स्टोक पाउंडला, २८ आणि २९ नंबरच्या लॉकमधल्या टप्प्यात. चढण सुरू केल्यावर मधे थांबून रात्र काढायचा विचार करायचा नाही, म्हणून सकाळी आठला सुरुवात करणं बरं. आधी वीस मिनिटं इंजिनाची. मागच्या डेकच्या फळ्या उचलून तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघायची. पाणी (कूलंट) बघायचं. पट्ट्यावर अंगठा दाबून ताण बघायचा. पंख्याचा (प्रॉपेलरचा) दांडा जिथे बोटीबाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या जोडातून, पाण्याचे थेंब पडतात का ते बघायचं. इंजिनाखाली तेलकट पाणी साचलं असेल तर ते पंपाने कालव्यात सोडायचं नाही, डब्यात काढून घ्यायचं. मग किल्ली अर्धी फिरवून दहा-पंधरा सेकंद धरायची, ग्लोप्लग तापले की पूर्ण फिरवायची. अशा इंजिनाला तासाला साधारण एक ते दीड लिटर डिझेल लागतं.

इंजिन तापतंय तोवर एकाने पायी वर जाऊन पहिले चार-पाच टप्पे बघून यावेत. ही फेरी बहुतेक लोक टाळतात आणि तिथेच अडकतात. लॉकची दारं ओकची असतात, साधारण पंचवीस वर्षं टिकतात, आणि म्हातारी झाली की रात्रभर गळतात. एखाद्याने खालची झडप नीट मिटली नसेल तर सकाळी एखादा टप्पा फूट-दीड फूट उतरलेला सापडतो, काठाला चिखल उघडा पडलेला. हे आधी कळलं तर वरच्या टप्प्यातून थोडं थोडं पाणी सोडून भरून घेता येतं. बोट रुतल्यावर कळलं तर तासभर गेला.

माणसं तीन हवीत. एक सुकाणूवर, एक चालू लॉकवर, एक पुढचं लॉक तयार करायला. दोघांतही चढण होते, पण दमछाक होते. विंडलस, म्हणजे झडपांच्या चौकोनी दांड्यावर बसवून फिरवायचं हँडल, प्रत्येकाला एक आणि वर एक जादा. ते पाण्यात पडतंच. पायांत पकड असलेले बूट, हातांत मोजे. पोहता येणाऱ्यानेही लाइफजॅकेट घालावं; लॉकच्या भिंती उभ्या आणि शेवाळलेल्या असतात, आणि पाणी मेमध्येही गार असतं.

लॉकच्या भागांसाठी आम्ही मराठी शब्दच वापरतो, कारण ते नेमके बसतात. वरच्या बाजूला एक दार, खालच्या बाजूला दोन, बंद झाल्यावर प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला टोक करून एकमेकांना टेकणारी. पाण्याच्या दाबानेच ती घट्ट बसतात. दाराला जोडलेला लांब लाकडी वासा, त्याला पाठ लावून ढकललं की दार फिरतं. पॅडल म्हणजे झडप. काही झडपा दारात असतात, काही जमिनीत, लॉकच्या बाजूने भुयारातून पाणी आत आणणाऱ्या. सिल म्हणजे उंबरा: वरच्या दाराखालची दगडी पायरी, लॉक भरलेलं असताना पाण्यात दडलेली. आणि बायवॉश म्हणजे सांडवा, लॉकला वळसा घालून जादा पाणी खालच्या टप्प्यात नेणारा.

आता पहिलं लॉक. आत शिरण्याआधी बोटीच्या कडेला लोंबणारे फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गाद्या, सगळे वर ओढून घ्यायचे. दोन्ही बाजूंना जेमतेम हाताच्या बोट-दोन बोटांएवढी फट उरते, आणि एक फेंडर खाली राहिला तर बोट पाचरीसारखी अडकते. लॉक रिकामं असेल तर खालची दारं उघडून थेट आत. भरलेलं असेल तर आधी वर बघायचं. कोणी बोट घेऊन खाली येत असेल तर ते लॉक त्यांचं. त्यांना आत घेऊन खाली उतरू द्यायचं. कोणी नसेल तरच रिकामं करायचं. सुकाणूवरच्या माणसाने तोवर लॉकपासून चांगलं मागे थांबायचं, कारण दारातून सुटणारं पाणी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आडवी फिरवतं. सांडव्याचंही तसंच. लॉकच्या तोंडाशी तो एका बाजूने येऊन मिळतो आणि अगदी शिरताना नाळेला ढकलतो. उपाय एकच: सांडव्याच्या बाजूला आधीच थोडा कल ठेवायचा आणि तिथे गती मारायची नाही. बोटीला ब्रेक नाही. रिव्हर्स टाकलं की सुकाणू निकामी होतं आणि मागचा भाग एका बाजूला सरकतो.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाळ उजवीकडे जाते, हे सगळ्यांना सांगितलेलं असतं. कोणी सांगत नाही ते हे की बोट साधारण मध्यावर फिरते. म्हणजे नाळ डावीकडे वळते तेव्हा मागचा भाग उजवीकडे झाडू मारतो. लॉकच्या तोंडाशी नाळ सरळ दिसली तरी शेपूट तिरकी असेल तर कोपऱ्यावर आपटणारच. म्हणून बोट वीस-तीस मीटर आधीच सरळ करून घ्यायची आणि मग इंजिन जवळजवळ नुसतं टिकटिकत ठेवून आत सरकायचं.

बोट आत आली की खालची दोन्ही दारं मिटायची, खालच्या झडपा बंद आहेत ना ते हाताने खात्री करून बघायचं. मग वर जाऊन जमिनीतली एक झडप अर्धीच उघडायची. थांबायचं. सुकाणूवाल्याकडे बघायचं, त्याने हात वर केला की पूर्ण, मग दुसरी. इथे घाई करणाऱ्याला आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. पाणी एकदम सोडलं की बोट आधी मागे रेटली जाते आणि मग पुढे ओढली जाऊन उंबऱ्यावर आदळते. स्वयंपाकघरातल्या कपबशा तर जातातच, शिवाय नाळ दाराच्या आडव्या लाकडाखाली अडकू शकते. अडकलेली नाळ दिसत नाही, पाणी मात्र चढत राहतं, आणि वर येता न आल्याने बोट पुढून बुडू लागते. अशा वेळी एकच काम: भरणाऱ्या झडपा ताबडतोब बंद, मग खालच्या उघडून पातळी उतरवायची. जिथे वरच्या दारातही झडपा असतील तिथे दारातलं छिद्र पाण्याखाली गेल्याशिवाय त्या उघडायच्या नाहीत. तो धबधबा सरळ पुढच्या डेकमध्ये कोसळतो आणि पुढच्या दारातून केबिनमध्ये.

झडप उघडल्यावर दात्याच्या चाकावर खिटी बसली की विंडलस काढून घ्यायचं, कितीही मोह झाला तरी दांड्यावर सोडायचं नाही. खिटी निसटली तर झडप स्वतःच्या वजनाने खाली येते आणि विंडलस गरगर फिरतं. मनगटं आणि जबडे याच कारणाने मोडले आहेत. बंद करतानाही झडप धाडकन सोडू नये, विंडलसने फिरवत उतरवावी. दाते झिजतात ते या सवयीमुळे.

आता दार. आत-बाहेर पाणी सारखं झाल्याशिवाय ते हलत नाही आणि हलवायचा प्रयत्नही करू नये. एक इंचाचा फरक उरला तरी सात फुटी दारावर अंदाजे ऐंशी-शंभर किलोंचा जोर असतो. वाशाला पाठ टेकवून नुसतं उभं राहायचं. पातळी जुळली की दार आपोआप किंचित सैल होतं, ते पाठीला कळतं. मग पायांनी रेटा द्यायचा, जमिनीत त्यासाठी उंचवट्याच्या विटा अर्धवर्तुळात बसवलेल्या आहेत. जोर पायांचा, कमरेचा नव्हे. तीस लॉकनंतर हा फरक जाणवतो. दार पूर्ण उघडत नसेल तर मागे फांदी किंवा बाटली अडकलेली असते. ती लांब काठीने बाहेर काढायची, बोटीने दार ढकलायचं नाही.

बोट बाहेर पडली की दार बंद, झडपा बंद, पुन्हा एकदा नजर, मग पुढे. सरावाच्या हातांना एका लॉकला आठ ते बारा मिनिटं. संपूर्ण चढणीला साडेचार-पाच तास धरावेत, पहिल्यांदा जात असाल तर सहा.

पाण्याचा हिशोब इथे सांगतो, कारण तो समजला की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. लॉक सुमारे ७२ फूट लांब, सात-साडेसात फूट रुंद, चढ सात फूट. म्हणजे एका वेळी एक लाख लिटरच्या आसपास पाणी वरच्या टप्प्यातून खालच्या टप्प्यात जातं. बोट लहान असो की मोठी, पाणी तेवढंच. तीस लॉक चढलो म्हणून तीस लाख लिटर गेलं असं मात्र नाही. शिखरावरून, म्हणजे चढणीच्या माथ्यावरच्या टप्प्यातून, एकच लॉकभर पाणी निघतं आणि तेच पायरीपायरीने उतरत जातं. भरलेली लॉक रिकामी करत वर गेलात, तर मात्र आणखी एक लॉकभर पाणी खालून निघून जातं. म्हणून वरून येणारी बोट भेटणं हे या चढणीवरचं मोठं भाग्य. ते ज्या लॉकमधून बाहेर आले ते आपल्यासाठी रिकामं, आपण ज्यातून आलो ते त्यांच्यासाठी भरलेलं. दार उघडंच ठेवायचं, टप्प्याच्या मधोमध बोटी एकमेकींना डावीकडे ठेवून जातात, आणि जाताना वर किती लॉक तयार आहेत ते ते सांगतात. हंगामात टार्डेबिगवर कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचे, म्हणजे कालवे सांभाळणाऱ्या संस्थेचे, स्वयंसेवक असतात. वर-खाली कोण येतंय ते त्यांना ठाऊक असतं. त्यांना विचारावं आणि ते म्हणतील तसं करावं.

पुढचं लॉक तयार करणाऱ्याची चूक नेहमी एकच असते, फार पुढे जाणं. मधले टप्पे आखूड आहेत. समजा टप्पा शंभर मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. त्यातून एक लॉक भरलं की पातळी चार इंच उतरते. उलट भरलेल्या टप्प्यात आणखी एक लॉक रिकामं केलं तर चार इंच जादा होतात आणि ते सांडव्यावरून निघून जातात. बोट तिथे पोचेपर्यंत पाणी गेलेलंही असतं. म्हणून एक, फार तर दोन लॉक पुढे, त्याहून नाही.

टप्पा उतरलेला असेल तर मध्य सोडायचा नाही, वळणावर बाहेरच्या बाजूला थोडं खोल असतं. बोट संथ ठेवायची. उथळ पाण्यात इंजिन वाढवलं की पंखा बोटीखालचंच पाणी मागे फेकतो, शेपूट आणखी खाली बसते आणि रुतते. रुतलीच तर पुढे जोर लावू नये. माणसं दुसऱ्या कडेला उभी करायची, रिव्हर्सने आल्या वाटेने मागे यायचं, काठी तळाला लावून ढकलायचं. काठीवर अंगाचा भार टाकायचा नाही; बोट सुटते आणि माणूस काठीवर राहतो.

पंख्यात काही गुंतलं की कळतं: इंजिन जड वाटतं, काळा धूर येतो, दांडा थरथरतो, बोट पुढे सरत नाही. बहुतेक वेळा प्लास्टिकची पिशवी, कधी कापड, वाईट दिवशी तार. आधी थोडं रिव्हर्स देऊन बघावं. सुटलं नाही तर बोट बांधायची, इंजिन बंद, किल्ली काढून ज्याचा हात पाण्यात जाणार त्याच्या खिशात. मग मागच्या डेकखालचं वीड हॅचचं झाकण उघडून दात्यांच्या सुरीने कापत काढायचं. झाकण परत बसवताना सील स्वच्छ आहे का, पट्टी सरळ आहे का, स्क्रू पूर्ण घट्ट आहे का, हे दोघांनी बघावं. सैल झाकणावर इंजिन सुरू केलं तर पंखा पाणी उडवून इंजिनखोली भरतो, आणि अशा बोटी बुडाल्या आहेत.

उलट्या दिशेने उतरणाऱ्यांसाठी उंबऱ्याचं सांगणं राहिलं. उतरताना बोट पुढे ठेवायची, शेपूट भिंतीवरच्या पांढऱ्या रेषेच्या पुढे. मागे राहिली तर पाणी उतरताना शेपूट उंबऱ्यावर टेकते, नाळ खाली जात राहते. दोराने बोट आवळून बांधली तरी तोच प्रकार. दोर खुंटाला एक वेढा देऊन हातात धरायचा, गाठ मारायची नाही. इथे लक्ष एक मिनिट हललं तर बोट जाते. म्हणून उतरताना फोनवर बोलणं नको, फोटो नकोत.

साधारण दोन-तृतीयांश चढण झाली की कडेला टार्डेबिगचा जलाशय येतो. गंमत अशी की तो शिखराच्या पातळीच्या बराच खाली आहे. कालव्याला पाणी लागतं वर, म्हणून त्यातलं पाणी वाफेच्या इंजिनाने वर चढवत. त्या इंजिनाचं घर अजून उभं आहे. मग सेंट बार्थोलोम्यू चर्चचं टोकदार शिखर दिसू लागतं. १८व्या शतकातलं चर्च. ते दिसलं की शेवटच्या काही लॉकना बळ येतं.

५८ नंबरचं लॉक इतरांपेक्षा बरंच खोल आहे. इथे आधी बोट सरळ वर उचलणारं यंत्र बसवून पाहिलं होतं. ते रोजच्या वापरात टिकणार नाही असं ठरल्यावर लॉक बांधलं. भरायला वेळ लागतो, झडप आणखी सावकाश उघडावी. याच लॉकजवळ लेखक एल. टी. सी. रोल्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपली बोट बांधून राहत. लेखक रॉबर्ट एकमन त्यांना इथेच भेटायला आले, आणि १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली. तेव्हा हे कालवे बुजवण्याच्या वाटेवर होते. आज आपण विंडलस घेऊन इथे उभे आहोत त्याचं मोठं श्रेय त्या भेटीला आहे. तिथे स्मृतिफलक आहे, थांबून वाचावा.

वर आलं की बर्मिंगहॅमपर्यंत १४ मैल एकही लॉक नाही. धक्क्यावर पाण्याचा नळ आहे; टाकी भरेपर्यंत जेवून घ्यावं. लगेच टार्डेबिगचा बोगदा, ५८० यार्ड, आणि पुढे शॉर्टवुडचा ६१३ यार्ड. आत टोवपाथ, म्हणजे बोट ओढणाऱ्या घोड्यांसाठीची काठावरची पायवाट, नाही. पूर्वी घोडे टेकडीवरून नेत आणि माणसं आडवी झोपून भिंतीला पाय लावत बोट पुढे रेटत. शिरण्याआधी पुढचा दिवा लावायचा, तो किंचित वर आणि उजवीकडे वळवलेला, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. केबिनमधले दिवेही लावावेत, भिंतीवर पडणाऱ्या उजेडात अंतर कळतं. गॅस बंद. छतातून पाणी ठिबकतं, म्हणून टोपी. भोंगा एकदा लांब. समोरून बोट आली तर वेग कमी, उजवीकडे, पण पूर्ण थांबायचं नाही; थांबलेली बोट वळत नाही. नजर दूरच्या उजेडावर नको, आपल्या नाळेवर हवी.

पुढे ऑल्व्हचर्चपर्यंत झाडीतून संथ वाट. कमाल वेग ताशी चार मैल, पण बांधलेल्या बोटींपाशी इंजिन टिकटिकत ठेवूनच जायचं, नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटतात. मागे काठावर लाट फुटताना दिसली की आपण वेगात आहोत.

मुक्कामाला काठ पोलादी पट्ट्यांचा असेल तर साखळीचे हूक लावायचे, मातीचा असेल तर लोखंडी खुंट्या ठोकायच्या, डोकं बोटीपासून दूर कललेलं. त्यांच्या टोकाला पांढरी पिशवी किंवा बाटली बांधावी, अंधारात कोणी अडखळू नये म्हणून. दोर नाळेपासून पुढे आणि शेपटीपासून मागे, तिरके. सरळ बांधले तर येणारी-जाणारी बोट आपल्याला पुढेमागे खेचत राहते. इंजिन रात्री आठ ते सकाळी आठ बंद. शेवटी ग्लँडच्या ग्रीसची पितळी टोपी जोर लागेपर्यंत फिरवायची, थेंब थांबले का बघायचं, आणि विंडलस मोजून डब्यात ठेवायची.